वूडूची हाक आल्यासारखं वाटतंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी पुण्यात आयटीत काम करते, वय 28. दोन वर्षांपासून तिच्या स्वप्नात एक मोठा पांढरा साप आणि कुबडी घेतलेला म्हातारा येतो. वाचल्यावर तिची खात्री झाली की साप म्हणजे वूडूतला सर्पदेव दांबाला आणि म्हातारा म्हणजे फाटक सांभाळणारा लेग्बा. तिला वूडू धर्म म्हणून हवा आहे आणि त्यातली जादूही शिकायची आहे. इंटरनेटवर भेटलेला एक जण 1,200 डॉलर घेऊन घरबसल्या दीक्षा द्यायला तयार आहे. पैसे भरू का, सुरुवात कशी करू, आणि घरच्यांना काय सांगू?

पैसे भरू नका. ऑनलाइन कांझो होत नाही. कांझो म्हणजे दीक्षा. त्यात तुमच्या डोक्यावर माणसांचे हात पडतात, जेव्हो नावाच्या बंद खोलीत खाली चटईवर रात्री काढाव्या लागतात, बाहेर ढोल वाजत असतात आणि तुमच्यासाठी कोणीतरी तीन वेळचं रांधत असतं. यातलं काय तो माणूस व्हिडिओ कॉलवर करणार आहे? प्रमाणपत्र पाठवेल, फार तर मंतरलेली माळ पाठवेल. इकडे लोक प्रमाणपत्र विचारत नाहीत. 'तुझी आई कोण?' असं विचारतात, म्हणजे तुला दीक्षा देणारी कोण, आणि तिला देणारी कोण. त्याचं उत्तर नसेल तर कागदाला कोणी हात लावत नाही.

मी कुठून बोलतेय तेही सांगते. मी कुडाळकडची, बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आहे, पेशाने नर्स. फ्लॅटबुशच्या आसपासच्या रुग्णालयांत हैतीयन नर्सेस आणि आया इतक्या आहेत की रात्रपाळीत क्रेयोल, म्हणजे हैतीची भाषा, कानावर पडल्याशिवाय राहत नाही. त्यांच्यातूनच मी एका घराशी, म्हणजे एका मांबोभोवती जमलेल्या मंडळीशी, जोडले गेले आणि पुढे तिथेच कांझो झाले. मी मांबो, म्हणजे पुजारीण, नाही. मी ऊंसी आहे: गाणारी, स्वयंपाक करणारी, फरशी पुसणारी फळी. त्यामुळे माझं उत्तर स्वयंपाकघराच्या बाजूने आलेलं आहे असं समजा. शपथेखाली असलेलं काही मी लिहिणार नाही.

आधी कोणतं वूडू ते ठरवा, कारण या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी खपतात. बेनिन आणि टोगोमधला वोदून हा फॉन आणि एवे लोकांचा जुना धर्म. बेनिनमध्ये जानेवारीत त्याची राष्ट्रीय सुटी असते आणि विदा गावात अजगरांचं देऊळ आहे. न्यू ऑर्लिन्सची परंपरा वेगळी. तिथली प्रसिद्ध पुजारीण मारी लाव्हो 1881 साली वारली, आणि तिच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या थडग्यावर पर्यटकांनी फुल्या काढून काढून इतकी नासधूस केली की 2015 पासून त्या दफनभूमीत गाईडशिवाय सोडत नाहीत. अमेरिकी कृष्णवर्णीयांचं हूडू हा धर्म नव्हे, ती मुळ्या, तेलं आणि बायबलातली स्तोत्रं यांची लोकविद्या आहे. आणि चौथं कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाचं. तुम्ही दांबाला आणि लेग्बाची जी वर्णनं वाचली आहेत ती हैतीची दिसतात, आणि मला कळतं तेही तेवढंच. म्हणून पुढचं सगळं हैतीबद्दल.

हैतीत जुनी माणसं 'मी वूडू पाळते' असं क्वचितच म्हणतात. 'मी ल्वांची सेवा करते' असं म्हणतात. ल्वा म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधल्या देवता. सगळ्यांवर बोंद्ये, एकच देव, पण तो लांब. रोजच्या अडीअडचणीला तो येत नाही, ल्वा येतात. त्यांची कुळं आहेत. राडा म्हणजे मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतून आलेले, शांत, पांढऱ्या कपड्यांतले. पेत्वो हे हैतीच्या मातीत गुलामीच्या काळात तापलेले, शिट्ट्या आणि आसूडांच्या आवाजातले. गेदे मृतांचे. आणि या सगळ्यांच्या आधी तुमचे स्वतःचे पूर्वज. हा शेवटचा मुद्दा नवखी माणसं हमखास गाळतात. त्यांना थेट ल्वाकडे जायचं असतं, आजीला वगळून.

आता हाक. हैतीत ती तीन वाटांनी येते. एक म्हणजे वारसा: आजोबा सेवा करत होते, ते गेले, कोणी पुढे चालवलं नाही, मग ल्वा नातवंडांपैकी एकाला धरतो. दुसरी आजारपणातून किंवा एकामागून एक लागलेल्या ठेचांतून. तिसरी स्वप्नातून. म्हणजे तुमची स्वप्नं कोणी हसण्यावारी नेणार नाही. ल्वा स्वप्नात बोलतात हे तिथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. पण एक फरक लक्षात घ्या. ज्यांना खरोखर धरलं जातं त्यातली बहुतेक माणसं पळ काढायला बघतात. पैसा जातो, वेळ जातो, आयुष्यभराचं बांधलेपण येतं, चर्चमधले शेजारी बोलेनासे होतात. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी वर्षानुवर्षं टाळलं आणि शेवटी हात टेकले. हाक आली म्हणून आनंदाने उड्या मारणारे बहुतेक आम्ही परके लोकच. याचा अर्थ तुमची हाक खोटी आहे असं नाही. पण ती खरी आहे हे तुम्ही एकटीने ठरवायचं नसतं, आणि मीही इथे बसून ठरवणार नाही.

स्वतःला एक सरळ प्रश्न विचारा: म्हातारा आधी स्वप्नात आला की आधी वाचनात? दांबालाचं चित्र पाहून मग साप दिसू लागला असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मन तसंच चालतं. आणि समजा साप आधी आला. तरी तो दांबालाच कशावरून? तुम्ही मराठी घरातल्या आहात. आमच्याकडे बागेत नाग दिसला तरी आजी 'राखणदार दिसला' म्हणून हात जोडायची आणि वर्षाची राखण दिली का ते विचारायची. माझ्या मांबोने पहिल्या भेटीत मला ल्वांबद्दल चकार शब्द विचारला नाही. आईकडचं दैवत कोणतं, वडिलांकडचं कोणतं, त्यांना काय देता, शेवटचं कधी दिलं, एवढंच विचारत राहिली. मी गडबडले, कारण अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला गावी फोन करून काढावी लागली. तिचं म्हणणं साधं होतं: स्वतःच्या घरातली माणसं उपाशी असताना दुसऱ्याच्या घरी ताट मागायला आलीस तर ते तुला आधी घरीच पाठवतील.

तेव्हा पहिलं काम पुण्यातच आहे. तुमचं कुलदैवत, गावची देवता, मूळपुरुष, बंद पडलेला कुळाचार, यांची चौकशी करा. मोठ्यांपैकी कोणी हयात असेल तर आत्ताच विचारा. बऱ्याच जणांची हाक इथेच मिटते, आणि तसं झालं तर चांगलंच झालं.

नाही मिटली, तर कौल घ्यावा लागतो. तिकडे त्याला लेसॉन म्हणतात. मांबो किंवा ऊंगान (पुरुष पुजारी) साध्या खेळायच्या पत्त्यांवर पाहतात. समोर पाण्याचा पेला, एक मेणबत्ती, कधी छोटी घंटा. आमच्याकडे जोडातली लहान पानं काढून ठेवतात. ती पत्ते पिसते, तुम्हाला कापायला लावते, रांगा मांडते आणि मग बराच वेळ काहीच बोलत नाही. मग बोटाने एका पानावर टकटक करून विचारते, 'घरात पाण्यात गेलेलं कोणी आहे?' तुम्ही हो किंवा नाही एवढंच सांगायचं. आपली कहाणी आपणच ओतायला लागलात तर चांगली मांबो हात वर करून थांबवते. लेसॉनची रक्कम ठरलेली असते आणि आधी सांगितली जाते. फोनवर लेसॉन करणारी प्रामाणिक माणसंही आहेत, त्यामुळे यासाठी पुण्याहून विमान पकडायची गरज नाही. उत्तर 'तुझ्यावर कोणाचाही दावा नाही' असंही येऊ शकतं. ते ऐकायची तयारी असेल तरच पैसे द्या. आणि पहिल्याच लेसॉनमध्ये 'तुझ्यावर भयंकर करणी आहे, उतरवायला इतके हजार' असं निघालं, तर तो माणूस मुंबई लोकलमध्ये चिकटवलेल्या बंगाली बाबांच्या जाहिरातींचाच भाऊबंद आहे. फोन ठेवून द्या.

तुमच्यावर दावा निघाला तरी तो लगेच कांझोचा नसतो. पुष्कळदा सांगतात तो लाव्ह तेत, म्हणजे डोकं धुण्याचा विधी, किंवा नुसती एखादी मेणबत्ती आणि नवस. कित्येक हैतीयन आयुष्यभर कांझोशिवाय सेवा करतात आणि त्यांचं काही अडत नाही. परक्या माणसांना मात्र पहिल्याच दिवशी सर्वांत वरची पायरी, आसॉन हातात असलेली, हवी असते. आसॉन हा मण्यांच्या आणि सापाच्या मणक्यांच्या जाळीने मढवलेला भोपळ्याचा खुळखुळा. तो हातात येणं म्हणजे दुसऱ्यांची जबाबदारी घेणं. ज्या बाईच्या घरी कोणी सल्ल्याला येणार नाही तिला तो कशाला हवा?

यापेक्षा फेत, म्हणजे ल्वांचा उत्सव, एकदा प्रत्यक्ष पाहणं फार मोलाचं आहे. कंपनीकडून कधी न्यूयॉर्क, बोस्टन, मायामी किंवा माँट्रियलला जाणं झालं तर ओळखीतून विचारा. बरेचसे फेत पाहुण्यांना खुले असतात. पांढरे किंवा साधे कपडे, बायकांनी डोक्याला रुमाल, हातात रमची बाटली किंवा फुलं. आणि लवकर जाऊ नका, वेळेवर काहीही सुरू होत नाही.

आमचे उत्सव एका तळघरात होतात. बॉयलरची खोली एका बाजूला, छताला कागदी पताका, मधोमध खांब. त्याला पोतो मितान म्हणतात आणि ल्वा त्यातून उतरतात असं मानतात. सुरुवातीला सगळे खुर्च्यांवर बसून प्रार्थना करतात, आणि ती फ्रेंचमधली कॅथलिक प्रार्थना असते: हे आमच्या बापा, नमो मरिये, मग संतांची यादी, मग हळूहळू क्रेयोल, मग ल्वांची नावं. हे तासभर तरी चालतं. नवखे पाहुणे याच वेळी मोबाइल काढतात. मग ढोल. पहिलं गाणं नेहमी लेग्बाचं, कारण फाटक त्याच्या हाती. नंतर मांबो एका हातात मेणबत्ती आणि एका हातात मक्याच्या पिठाची पांढरी ताटली घेऊन व्हेव्हे, म्हणजे ल्वांची चिन्हं, काढायला बसते. आपली रांगोळीची चिमूटच, अंगठा आणि तर्जनी, तीच धार. सिमेंटवर पाणी शिंपडलेलं असतं, त्यामुळे पीठ बसतं. एझिलीचं हृदय, ओगूची तलवार, आग्वेची होडी. रेघ संपली की त्यावर थेंब थेंब रम पडते आणि पुढच्या गाण्याला नाचणाऱ्यांच्या अनवाणी पायांनी सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा मला ते बघवेना, आपण रांगोळी ओलांडतो ती जपून. तिथे ती पुसली जाणं हेच काम आहे.

मग कोणाच्या तरी अंगात येतं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे अवसर, वारं, जागर सगळं आहे. ल्वा स्वार आणि माणूस घोडा, अशी त्यांची भाषा. नंतर घोड्याला काही आठवत नाही. दांबाला आला तर बोलत नाही, फुत्कारतो, जमिनीवर सरपटतो. त्याच्यावर पांढरी चादर धरतात आणि पिठाच्या ढिगावर ठेवलेलं कच्चं अंडं पुढे करतात. प्रेमाची ल्वा एझिली फ्रेदा आली तर अत्तर, गुलाबी रुमाल आणि शेवटी रडणं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेदे येतात: काळा-जांभळा पोशाख, तोंडाला पावडर, काळा चष्मा, अचकट विचकट विनोद, आणि तिखटजाळ मिरच्या मुरवलेली कच्ची रम. ती रम ते नुसती पीत नाहीत, तोंडाला फासतात. ढोंग करणाऱ्याला ती बाटली पुढे केली की ढोंग तिथेच संपतं. तुम्ही गेलात तर एवढंच करा: कोणी सांगेल तिथे उभ्या राहा, फोटो काढू नका, ल्वाने हात पुढे केला तर हात द्या, आणि स्वतःच्या अंगात आणायचा प्रयत्न करू नका.

परक्यांकडे ही माणसं थोडी सावधपणे बघतात, त्याला इतिहास आहे. 1685 च्या फ्रेंच कायद्याने वसाहतींतल्या गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला, म्हणून ल्वा संतांच्या तसबिरींमागे गेले. दांबाला सेंट पॅट्रिकच्या चित्रात, कारण त्याच्या पायाशी साप. एझिली दांतॉर ही दुसरी एझिली पोलंडमधल्या चेंस्तोहोव्हाच्या काळ्या मरियेत. ते चित्र नेपोलियनच्या सैन्यातल्या पोलिश शिपायांबरोबर हैतीत पोचलं असं म्हणतात. ऑगस्ट 1791 मध्ये ब्वा कायमानच्या रानात सेवा झाली, बंड पेटलं, आणि 1 जानेवारी 1804 ला गुलामांनी स्वतःचं राष्ट्र उभं केलं. त्याची किंमत ते अजून मोजतायत. 1915 ते 1934 अमेरिकी फौजा तिथे होत्या, आणि टाचण्या टोचलेल्या बाहुल्या आणि चालती प्रेतं यांचं वेड अमेरिकेत त्याच काळात पसरलं. 1941-42 मध्ये चर्चने मोहीम काढून ढोल आणि देव्हारे जाळले. अधिकृत धर्म म्हणून मान्यता मिळाली ती थेट 2003 मध्ये. 2010 च्या भूकंपानंतर कॉलरा पसरला तेव्हा जमावांनी ऊंगान आणि मांबोंना ठार मारलं. डिसेंबर 2024 मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या एका वस्तीत टोळीच्या म्होरक्याने मुलाच्या आजारपणाचा ठपका जादूटोण्यावर ठेवून 200 हून अधिक माणसं मारली, त्यात बहुतेक म्हातारी. तुम्ही 'मला वूडूची जादू शिकायची आहे' असं उत्साहाने म्हणता तेव्हा समोरच्या बाईला यातलं काहीतरी आठवत असतं.

जादूबद्दल. हो, आहे. तिला त्राव्हाय, म्हणजे काम, म्हणतात. पण काम सेवेतून निघतं, ते वेगळं शिकता येत नाही. आमच्या घरातल्या एकीचा इमिग्रेशनचा खटला होता. ती रडत मांबोकडे आली तेव्हा मांबोचा पहिला प्रश्न होता, 'वकील केलास?' केला नव्हता. आधी वकील करायला लावला, कागद गोळा करायला लावले, मगच दिवा लावला. दिवा म्हणजे एक वाडगं, त्यात ऑलिव्ह आणि एरंडेल, तरंगणारी कापसाची वात, तळाशी काय काय ते सांगत नाही. तो दिवा सुनावणीपर्यंत विझू द्यायचा नव्हता. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. माझी पाळी पहाटेची, ड्युटीवरून येताना. कपड्यांना एरंडेलाचा वास राहायचा. आणि काम झालं तर काय द्यायचं ते आधीच बोललेलं असतं, आणि ते द्यावंच लागतं. इतकी माणसं, इतकं तेल, इतकी जाग. घराशिवाय एकटीने करायची जादू म्हणजे दुकानातून आणलेली मेणबत्ती.

याच्या पलीकडे बोको असतात, दोन्ही हातांनी, म्हणजे भल्यासाठीही आणि वाइटासाठीही, काम करणारे. काही जण विकत घेतलेल्या शक्ती देतात. त्या झटपट काम करतात आणि वसुलीही झटपट करतात, असं आमच्याकडे मानतात. तुम्हाला जे विकायला आलं आहे ते एवढंही नाही, पण तुम्ही शोधत राहिलात तर हे दार सगळ्यात आधी उघडं मिळेल. माझं मत विचाराल तर तिकडे फिरकू नका. बाहुली, प्रेमात पाडणं, शत्रूनाश, याच गोष्टी तुम्हाला ओढत असतील तर तुम्हाला हैतीच्या ल्वांची गरज नाही, आणि त्यांनाही तुमची नाही.

कायद्याचंही सांगते, कारण तुम्ही महाराष्ट्रात आहात. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा पूजा, नवस, प्रार्थना अडवत नाही. पण अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं, दहशत घालणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, हे गुन्हे आहेत. घरात पूर्वजांपुढे पाणी ठेवलंत तर कोणाचंच काही बिघडत नाही. 'वूडू उपाय' म्हणून सहकाऱ्यांकडून पैसे घ्यायला लागलात तर बिघडेल, आणि बिघडावंच.

पुण्यात बसून काय करता येईल? क्रेयोल शिका. हे मी सगळ्यात वर ठेवते. गाणी, शिव्या, ल्वांची थट्टा, मांबोचं रागावणं, सगळं क्रेयोलमध्ये चालतं. त्याशिवाय तुम्ही कायम पाहुण्या राहाल. व्याकरण सोपं आहे, क्रियापदाची रूपं बदलत नाहीत, मराठी जिभेला उच्चारही जड नाहीत. पूर्वजांसाठी एक स्वच्छ जागा, पाण्याचा पेला, पांढरी मेणबत्ती किंवा आपला दिवा, आठवड्यातून एकदा पाणी बदलून त्यांच्याशी मराठीतच बोलणं. ल्वांच्या नावाने मूर्ती मांडू नका, पेत्वो ल्वांना हाका मारू नका, आणि गेदेच्या नादाने रात्रीबेरात्री स्मशानात तर अजिबात जाऊ नका. देव्हाऱ्यात कालीमाता आणि दांतॉर शेजारी ठेवून 'दोघी एकच' म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला दोघी एक वाटत नाहीत. दोघींचं खाणं वेगळं, गाणं वेगळं, माणसं वेगळी.

हिंदू राहून हे होतं का? माझं झालंय. गणपतीला मी अजून मोदक करते, आणि मांबोला ते आवडतात. पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. काही घरं कांझोआधी चर्चचा बाप्तिस्मा झालेला असावा असं म्हणतात, आणि कांझोच्या शेवटी धर्माई-धर्मबाप ठेवून एक बाप्तिस्मा होतोच. हे तुम्हाला आणि घरच्यांना चालणार आहे का, याचा विचार आत्ताच करा. दुसरं, कोंबडा, बोकड दिले जातात. ते नंतर रांधून सगळ्यांना वाढतात, आपल्या जत्रेसारखंच. अमेरिकेत 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सँतेरिया या क्यूबाच्या, अशाच आफ्रिकी मुळाच्या धर्माच्या लोकांच्या खटल्यात अशा बळीचा हक्क मान्य केला. तुम्ही कट्टर शाकाहारी असाल तर घराला स्पष्ट सांगा. न खाणं चालू शकतं, पण नाक मुरडणं चालणार नाही.

घर पारखायचं तर मांबोपेक्षा तिच्या आजूबाजूची माणसं बघा. तिथे हैतीयन म्हाताऱ्या येतात का? पोरं धावतायत का? मांबो कोणाला कधी 'नाही' म्हणते का? खर्च कांझोआधी लेखी मागा. रक्कम काही हजार डॉलरमध्ये जाते, आणि ढोलवाले, जनावरं, कपडे, कित्येक माणसांचं कित्येक दिवसांचं जेवण धरलं तर ती अवाजवी नसते. पण ती मध्येच वाढत जाऊ नये. अंगलट येणारा ऊंगान, 'ल्वाची इच्छा आहे' म्हणून अंथरुणात बोलावणारा, कुठल्याही परंपरेत बसत नाही. हैतीत जाऊन कांझो करायची जुनी रीत सध्या अवघड झाली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सवर विमानांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अमेरिकी विमानसेवा बंद पडली. काही घरं आता अमेरिकेतच कांझो करतात, काही जुनी माणसं म्हणतात की हैतीच्या मातीशिवाय ते होत नाही. तो वाद तुमच्या घरची मांबो सोडवेल.

नर्स म्हणून एक सांगते. स्वप्नं ठीक आहेत. पण झोप उडाली असेल, जागेपणी आवाज येत असतील, ते काही करायला फर्मावत असतील, कामावर लक्ष लागत नसेल, तर आधी डॉक्टर. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर मराठीतही चालतो. आमच्या मांबोने माझ्यासमोर माणसांना इमर्जन्सीत पाठवलंय. औषधं घेत असलेल्या बाईला ती बंद करायला सांगणारा कोणीही पुजारी असो, तिथून उठून या.

राहता राहिलं घरचं. आईला सगळं आत्ता सांगायची गरज नाही, अजून सांगण्यासारखं घडलंयच काय? कुलदैवताची चौकशी करा, त्याने ती खूशच होईल. पण उद्या खरंच कुठे कांझोला निघालात, तर एका माणसाला, बहीण असो की मैत्रीण, सगळं सांगून जा: घराचा पत्ता, मांबोचं खरं नाव, फोन, आत जायची आणि बाहेर यायची तारीख. आत गेल्यावर तुमचा मोबाइल तुमच्याजवळ नसतो. हा पत्ता द्यायला जे घर का-कू करेल तिथे जाऊ नका. आमच्या घरी तर मांबोनेच माझ्या आईला फोन लावायला लावला होता. आईला क्रेयोल येत नाही, तिला मराठी येत नाही. दोघी पाच मिनिटं बोलत होत्या आणि मध्ये मी दुभाषी. आईने एवढंच विचारलं की पोरीला जेवायला काय घालणार.